आधी देठाकडे बघा: घरच्या घरी ताज्या फुलांची गोल रचना

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: येत्या रविवारी सासूबाईंची पंचाहत्तरी घरीच करायची आहे, संध्याकाळी तीसेक माणसं येतील. दिवाणखान्यातल्या गोल टेबलावर ताज्या फुलांची मोठी, गोलाकार, चारी बाजूंनी बघता येईल अशी रचना तुम्हाला स्वतः करायची आहे. मागे मुलाच्या वाढदिवसाला केली होती, तेव्हा गुलाबांनी संध्याकाळच्या आत माना टाकल्या आणि बाकीची फुलं ‘कोंबल्यासारखी’ दिसली. आता हिरवा स्पंज आणावा का? आणि सासूबाईंच्या माहेरची पितळी कळशी फुलदाणी म्हणून चालेल का?

कळशी चालेल. मी तर म्हणेन, तीच घ्या. स्पंज आणू नका. दोन्हींची कारणं पुढे सांगते. पण आधी त्या गुलाबांबद्दल बोलू, कारण त्यांचं काय झालं ते कळलं की अर्धं काम झालं.

मी पुण्यात सव्वीस वर्षं फुलांचं काम करते आहे. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या बहुतेक जणी पहिल्या दिवशी एकच चूक करतात, आणि ती आपल्या सवयीतून येते. आपण लहानपणापासून फुलं हाताळतो ती हारासाठी, गजऱ्यासाठी, वेणीसाठी, तोरणासाठी, देवाच्या परडीसाठी. या सगळ्यात फूल देठाविना असतं. बाजारातही त्यांना ‘सुटी फुलं’ म्हणतात आणि ती किलोवर मिळतात. त्या फुलाने एक दिवस टिकायचं असतं, दुसऱ्या दिवशी ते निर्माल्यात जातं. त्यामुळे फूल ताजं आहे का, टपोरं आहे का, हे आपल्याला लांबून कळतं. देठ मात्र आपल्यासाठी खुडून टाकायची गोष्ट राहिली. फुलदाणीतलं फूल देठावर जगतं. म्हणून खरेदीपासून शेवटच्या काडीपर्यंत तुम्ही आधी देठ बघा आणि मग पाकळ्या.

तुमचे गुलाब जुने नव्हते, तहानलेले होते. देठात बारीक नळ्या असतात आणि त्यांतलं पाणी वरून, पानांकडून ओढलं जातं. काडी कोरडी कापली की ती ओढ चालूच असते, फक्त पाण्याऐवजी नळीत हवा शिरते. त्या बुडबुड्याच्या वर पाणी नीट चढत नाही. त्यात फुलदाणीत बुडालेली पानं कुजायला लागली की जंतू वाढतात आणि देठाचं कापलेलं तोंड चिकट थराने बुजतं. खालून पुरवठा बंद आणि वरून पंख्याचा वारा. गुलाबात फुलाच्या लगेच खालची मान सगळ्यांत कोवळी, म्हणून ती आधी वाकते. आतली कळी तेव्हाही चांगलीच असते.

आता खरेदी. तुम्ही पुण्यातच आहात तर शनिवारी पहाटे गुलटेकडीला मार्केट यार्डाच्या फूलबाजारात जा. (मुंबईकरांना दादरची फूलमंडई आहेच.) काडीची फुलं तिथे जुडीवर किंवा गड्डीवर मिळतात. डच गुलाब २० नगांची गड्डी, कार्नेशनही २० नगांचं, जरबेरा १० नगांचा. तुमच्या कळशीची उंची तुम्ही लिहिलेली नाही, मी २२ ते २५ सें.मी. धरते. तेवढ्याला एक गड्डी डच गुलाब, दहा-बारा कार्नेशन, एक जुडी अॅस्टर, आठ ते दहा गुलछडीच्या काड्या आणि दोन जुड्या कामिनीचा पाला एवढं भरपूर होतं. गुलछडी म्हणजे आपला निशिगंध. बाजारात गुलछडी म्हणा. कामिनी म्हणजे कुंतीच्या फांद्या. सोसायटीच्या कुंपणाला कुंती असेल तर विकत घ्यायचीही गरज नाही, माळ्याला विचारून चार फांद्या काढा.

गुलाब घेताना गड्डीचा कागद थोडा बाजूला करून कळीच्या बुडाशी, हिरव्या भागाच्या वर, दोन बोटांनी हलकेच दाबून बघा. घट्ट लागली तर ताजी. मऊ, पोकळ लागली तर ती कळी बरेच दिवस शीतगृहात राहून आली आहे, वरून कितीही सुंदर दिसो. बाहेरच्या एक-दोन पाकळ्या हिरवट किंवा डागाळलेल्या असतात, त्याला घाबरू नका. त्या आतल्या पाकळ्यांची राखण करतात, घरी आल्यावर काढून टाकायच्या. मग गड्डी उलटी करून देठाची टोकं बघा. ती काळपट, चिकट असतील तर सोडून द्या. गुलछडीची काडी खालची दोन-चार फुलं उमललेली आणि वर कळ्या भरलेली अशी घ्या. सगळीच कळी असलेली काडी घरी नीट उमलत नाही. कार्नेशन अर्धं उघडलेलं. अॅस्टर आणि शेवंती मात्र जवळजवळ पूर्ण उमललेली घ्यायची, ती घरी फारशी पुढे जात नाहीत. अॅस्टरमध्ये राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने काढलेले ‘फुले गणेश’ नावाचे वाण आहेत, पांढरे, गुलाबी, जांभळे. त्यांतला जांभळा गुलाबी गुलाबांबरोबर इतका छान दिसतो की मी तो रंग सहसा सोडत नाही.

भावाबद्दल एवढंच सांगते की सणाचं कॅलेंडर बघून फुलं ठरवा. मार्गशीर्षातल्या गुरुवारांच्या आधी शेवंती चढते. जानेवारीच्या शेवटापासून १४ फेब्रुवारीपर्यंत मावळातल्या पॉलिहाउसचा गुलाब परदेशी आणि इतर शहरांत जातो, तेव्हा गुलाबाऐवजी कार्नेशनवर रचना उभी करावी. रचना गुलाबाशिवायही होते.

फुलं गाडीत आडवी, वर्तमानपत्रात गुंडाळून आणा. डिकीत ठेवून भाजी घ्यायला थांबू नका, तापलेल्या डिकीत अर्ध्या तासात दोन दिवसांचं आयुष्य जातं.

आता सगळ्यांत महत्त्वाचं काम, आणि ते शनिवारी सकाळीच करायचं. दोन बादल्या घासून स्वच्छ धुवा, अगदी दुधाचं भांडं धुतो तशा. एका बादलीत अंघोळीच्या पाण्याइतकं कोमट पाणी एक तृतीयांश भरा, कोमट पाणी देठात सहज चढतं. पाणी नळाचं घ्या. सोसायटीत बोअरच्या पाण्याला सॉफ्टनर लावलेला असेल तर ते घेऊ नका. त्यात सोडियम येतं आणि गुलाब-कार्नेशनला ते मानवत नाही. पिण्याचं पाणी वापरलेलं बरं.

गुलाबाची एक काडी हातात घ्या. खालच्या अर्ध्या भागातली पानं काढा. एकही पान पाण्यात बुडता कामा नये, हा नियम कधीही मोडायचा नाही. काटे जाड फडक्याने हलकेच खाली ओढून मोडा, पण सुरीने साल खरवडू नका. सोललेल्या जागेतून जंतू आत शिरतात. मग देठाचं टोक एका भांड्यातल्या पाण्याखाली धरा आणि पाण्याखालीच, टोकापासून तीन सें.मी. वर, तिरका काप द्या. धारदार सुरी किंवा बागेची कात्री. कागदाची कात्री नळ्या चेपते. काप पाण्याखाली दिला की आत हवेऐवजी पाणी शिरतं. कधीकधी कापताना एक छोटा बुडबुडा वर आलेला दिसतो. तिरकं कापायचं कारण साधं आहे: सपाट टोक बादलीच्या बुडाला चिकटून बसतं. कापलेली काडी लगेच कोमट पाण्यात. मग पुढची. वीस गुलाबांना अर्धा तास लागतो. हा अर्धा तास वाचवू नका.

बाकीच्या फुलांचं थोडं वेगळं आहे. कार्नेशनच्या देठाला उसासारखी पेरं असतात. काप दोन पेरांच्या मध्ये द्यायचा, पेरावर दिला तर पाणी कमी ओढलं जातं. अॅस्टरची पानं सगळ्यांत आधी काळी पडतात, ती जवळजवळ सगळीच काढा. गुलछडीची टोकाची चार-पाच इवली कळी खुडून टाका. ती उमलत नाहीच, आणि खुडली की खालच्यांना जोर मिळतो. जरबेरा घेतलाच तर त्याला वेगळ्या भांड्यात फक्त दोन-तीन बोटं पाण्यात ठेवा. त्याचा देठ पोकळ आणि लवदार असतो, खोल पाण्यात तो कुजून मऊ पडतो.

सगळी फुलं अशी पाण्यावर ठेवून बादल्या न्हाणीघरात किंवा घरातल्या सगळ्यांत गार, अंधाऱ्या कोपऱ्यात रात्रभर राहू द्या. पंखा नको, ऊन नको. कमीत कमी सहा तास तरी हवेत. रविवारी सकाळी हात लावून बघा: पानं कडक, माना ताठ, आणि काडी हलवली तर ती सरळ उभी राहते. अशा काडीला हवा तसा कोन देता येतो. तहानलेली काडी तुमच्या हातात वाकते आणि रचना ‘कोंबल्यासारखी’ दिसायला सुरुवात तिथूनच होते.

एखाद्या गुलाबाने तरीही मान टाकली तर फेकू नका. त्याला वर्तमानपत्रात मानेपर्यंत घट्ट गुंडाळा, म्हणजे मान सरळ राहील. पाण्याखाली पुन्हा काप द्या आणि कोमट पाण्यात उभा करा. तासाभरात बहुतेक गुलाब उठतात.

बादल्या कुठे ठेवता याकडेही लक्ष द्या. एका मे महिन्यात चिपळूणला एका साखरपुड्यासाठी मी आदल्या दिवशी फुलं नेली होती. घरच्यांनी आपुलकीने घरातली सगळ्यांत गार खोली दिली. मी दमलेली होते, बादल्या ठेवल्या, दार लावून घेतलं. त्याच खोलीत पलंगाखाली गवताच्या अढीत हापूस पिकत घातला होता. वासही येत होता, पण कोकणातल्या घरात मे महिन्यात तो कुठे येत नाही! सकाळी दार उघडलं तर गुलाब ठीक होते, आणि साठच्या साठ कार्नेशन झोपलेली होती. पाकळ्यांच्या कडा आत वळलेल्या, फूल मिटल्यासारखं. पिकणारं फळ इथिलीन नावाचा वायू सोडतं आणि कार्नेशनला तो अजिबात सोसत नाही. झोपलेलं कार्नेशन पुन्हा उठत नाही. त्या दिवशी आम्ही परसातल्या जास्वंदीच्या आणि क्रोटनच्या फांद्या तोडून वेळ निभावली. तेव्हापासून मी फुलं ठेवायच्या आधी खोलीत फळांची टोपली आहे का ते विचारते. तुमच्याकडेही रविवारी फळं येतील, पाहुणे आणतील. केळी, आंबे, सफरचंद फुलांच्या टेबलापासून लांब ठेवा.

पाण्यात काय घालावं? कापलेल्या फुलाला तीन गोष्टी लागतात: थोडी साखर, पाणी किंचित आंबट, आणि जंतू रोखणारं काहीतरी. एक लिटर पाण्याला एक चहाचा चमचा साखर, दोन चमचे गाळलेला लिंबाचा रस आणि पाव चमचा बिनसुवासाचं साधं ब्लीच. क्रम पाळा: आधी साखर आणि लिंबू पूर्ण लिटरभर पाण्यात विरघळवा, ब्लीच सगळ्यांत शेवटी. निव्वळ ब्लीच आणि लिंबू कधीही एकमेकांत मिसळायचं नाही, त्यातून विषारी वायू निघतो. घरात लहान मुलं आहेत म्हणून ब्लीच नको असेल तर मग साखरही घालू नका. नुसत्या साखरेवर फुलांच्या आधी जंतू पोसतात. अशा वेळी साधं पाणी आणि ते रोज बदलणं हेच उत्तम. ॲस्पिरिन, तांब्याचं नाणं वगैरे मी करून पाहिलं आहे, मला काही फरक दिसला नाही.

हे पाणी थेट पितळेत घालू नका. लिंबू लागलं की पितळ कसं उजळतं हे आपण भांडी घासताना बघतोच. म्हणजेच आंबट पाणी धातू खातं, आणि तो धातू पाण्यात उतरून फुलांना बाधतो. म्हणून कळशीच्या गळ्यातून आत जाईल अशी उभी प्लॅस्टिकची बरणी किंवा डबा शोधा, ज्याचं तोंड कळशीच्या गळ्यापाशी येईल. कमी पडली तर खाली वाटी पालथी घाला. आजूबाजूची फट वर्तमानपत्राच्या बोळ्यांनी भरा म्हणजे बरणी डुगडुगणार नाही. पाणी बरणीत, देखणेपण कळशीचं.

घरातलं भांडं वापरायला संकोच वाटू देऊ नका. लंडनच्या कॉन्स्टन्स स्प्राय (१८८६–१९६०) या बाईंनी विसाव्या शतकात फुलांच्या रचनेची सगळी रीत बदलली. त्या स्वयंपाकघरातली भांडी फुलदाण्या म्हणून घेत, गुलाबांच्या शेजारी केल या कोबीच्या जातीतल्या भाजीची पानं आणि रानातल्या फांद्या लावत. १९५३ साली राणी एलिझाबेथच्या राज्याभिषेकाची फुलं त्यांच्याकडे होती. आणि त्या फुलं उभी करायला वापरत ती वस्तू तुम्हाला हार्डवेअरच्या दुकानात मिळेल: कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात ती षट्कोनी जाळी.

ही जाळी साधारण ३० सें.मी. लांब-रुंद कापा, हातमोजे घालून. तिचा सैलसर चेंडू करा, इतका सैल की आत दोन-तीन थर होतील पण काडी सहज शिरेल. तो बरणीत घाला, चेंडूचा थोडा भाग बरणीच्या तोंडाच्या वर यायला हवा. बरणीचं तोंड कोरडं पुसून वरून चिकटपट्टीच्या दोन पट्ट्या आडव्या-उभ्या लावा म्हणजे जाळी उसळणार नाही. काडी जाळीच्या दोन-तीन घरांतून जाते आणि जिथे ठेवाल तिथे थांबते. चुकली तर काढून पुन्हा लावता येते. ही जाळी धुऊन वर्षानुवर्षं वापरता येते.

आता स्पंज का नको ते सांगते. तो हिरवा फोम अमेरिकेत १९५४ साली बाजारात आला आणि सजावटीच्या धंद्याला त्याने वेग दिला, हे खरंच आहे. मीही अनेक वर्षं वापरला. पण तो प्लॅस्टिकचाच प्रकार आहे, कुजत नाही, आणि त्याचा चुरा नाल्यात, मातीत जातो. ब्रिटनच्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीने २०२१ पासून आपल्या प्रदर्शनांत त्याला बंदी केली. तुमच्यासाठी मात्र त्याहून जवळचं कारण आहे: नवशिक्या हाताने त्यात काडी टोचली, काढली, पुन्हा टोचली की भोक सैल होतं आणि देठाच्या टोकाशी हवा राहते. काडी ओल्या फोममध्ये असूनही तहानलेली. एकदा का तो कोरडा पडला की पुन्हा पाणीही नीट घेत नाही. जाळीत देठ सरळ पाण्यात उभा असतो.

रविवारी सकाळी, पाहुणे संध्याकाळी येणार असतील तर दहा-अकराच्या सुमारास, रचनेला बसा. कळशी जिथे ठेवायची त्याच उंचीच्या टेबलावर काम करा आणि कळशीखाली फिरता पाट किंवा केकचा फिरता स्टँड ठेवा. तोही नसेल तर कळशी जुन्या चादरीवर ठेवून फिरवा. एका बाजूने उभं राहून केलेली रचना त्या एकाच बाजूने चांगली दिसते.

उंचीचा जुना हिशेब असा: फुलं भांड्याच्या दीडपट वर जावीत. कळशी २२ सें.मी. असेल तर वर सुमारे ३३. रुंदीही साधारण तेवढीच किंवा बोटभर जास्त. तुमचं टेबल दिवाणखान्यात आहे आणि माणसं बहुतेक उभी असतील, म्हणून ही उंची बरोबर. जेवणाच्या टेबलावर हाच हिशेब चुकतो. तिथे कोपर टेबलावर टेकवा, हात उभा धरा, फुलं बोटांच्या टोकाच्या वर जाता कामा नयेत. समोरच्याचा चेहरा दिसायला हवा. आणि तिथे निशिगंध नको, त्याचा वास वरण-भातावर बसतो.

आधी पाला. कामिनीच्या पाच-सहा छोट्या फांद्या कळशीच्या काठाभोवती, बाहेर आणि किंचित खाली झुकलेल्या. मग मध्यभागी एक उभी, उंची ठरवणारी. मधल्या जागेत आणखी काही, विरळ. पाल्याने जाळी झाकली जाते आणि आकाराचा सांगाडा मिळतो. इथेच पुढचं सगळं ठरतं, म्हणून या टप्प्यावर दोन पावलं मागे जाऊन बघा.

आणि आता ती गोष्ट, जी जमली की ‘कोंबल्यासारखं’ दिसणं थांबतं. प्रत्येक काडीचं टोक आत एकाच जागेकडे गेलं पाहिजे: बरणीच्या बुडाचा मध्य. मधला गुलाब सरळ उभा जाईल. त्याच्या बाजूचा थोडा तिरका. काठावरचा जवळजवळ आडवा होईल, पण त्याचंही टोक त्याच मध्याकडे. सगळी फुलं जणू एकाच मुळातून फुटली आहेत असं डोळ्याला वाटायला हवं. काड्या समांतर उभ्या राहिल्या की टेबलावरच्या पेनांच्या डब्यासारखं दिसतं, फुलं कितीही महाग असोत. काडी लावताना फुलाकडे बघू नका, तिचा देठ कुठे चाललाय ते बघा. पाच-सहा काड्यांनंतर हाताला आपोआप कळायला लागतं. काठावरच्या काड्यांचं टोक पाण्यात पोचलंय ना, हेही बोट घालून तपासा.

गुलाब असे लावा: एक मध्यभागी सर्वांत उंच. पाच काठाभोवती, पाल्याच्या जरा वर. मग या दोन्हींच्या मध्ये, पाच गुलाबांच्या फटींसमोर, पुढचे पाच. प्रत्येक गुलाबानंतर कळशी थोडी फिरवा. उरलेल्या नऊपैकी जे जास्त उमललेत ते खाली आणि आत, कळ्या वर आणि बाहेर; मोठं फूल वर ठेवलं की रचना डोक्यावर ओझं घेतल्यासारखी वाटते. सगळे गुलाब एकाच पातळीवरही नकोत. काही बोटभर आत दबलेले असू द्या, त्यांच्या सावलीमुळे बाकीचे उठून दिसतात. नवशिके लोक ही खोली विसरतात, सगळी फुलं घुमटाच्या पृष्ठभागावर आणून ठेवतात आणि मग रचना चेंडूसारखी दिसते.

कार्नेशन दोन-दोन, तीन-तीनच्या घोळक्यात लावा. एक गुलाब, एक कार्नेशन, एक गुलाब, असं नक्षीदार करू नका. बागेत फुलं तशी उगवत नाहीत. अॅस्टर त्यांच्या मधल्या फटींत. शेवटी गुलछडी: हिच्या आठ काड्या घुमटाच्या बाहेर चार-पाच बोटं जाऊ द्या, वेगवेगळ्या उंचीवर, वेगवेगळ्या दिशांना. गोल रचनेत ही एकच गोष्ट थोडी मोकळी सुटते. युरोपात या जागी डेल्फिनियमसारखी उंच तुऱ्याची फुलं येतात, आपल्याकडे गुलछडी ते काम जास्त नाजूकपणे करते, आणि संध्याकाळी दिवे लागले की तिचा वास घरभर पसरतो.

मग थांबा. हातात फुलं उरतील, त्यांचा मोह होतो. खोलीच्या दारातून बघा, मग खुर्चीत बसून बघा, आणि भोक दिसेल तिथेच भरा. मी विद्यार्थिनींना मोबाइलवर फोटो काढून तो काळा-पांढरा करून बघायला सांगते. रंग गेले की कुठे गर्दी झाली आणि कुठे रिकामं आहे ते लगेच कळतं. उरलेली फुलं स्वयंपाकघराच्या खिडकीत पेल्यात ठेवा.

रंगांबद्दल माझं मत विचाराल तर पहिल्या रचनेला एकाच रंगाच्या छटा घ्या. फिकट गुलाबी गुलाब, गडद गुलाबी कार्नेशन, जांभळा अॅस्टर, पांढरी गुलछडी. पितळेजवळ हे रंग उबदार दिसतात. लाल-पिवळं-पांढरं एकत्र करायला जास्त सराव लागतो. सतराव्या शतकातल्या डच चित्रांत वीस प्रकारची फुलं एकाच फुलदाणीत दिसतात आणि लोकांना वाटतं तसं करावं. पण त्या चित्रांत ट्यूलिप आणि उन्हाळी गुलाब शेजारी-शेजारी असतात, जे एका ऋतूत फुलतच नाहीत. चित्रकार वेगवेगळ्या वेळी केलेल्या अभ्यासचित्रांवरून ती जोडत. तसा गुच्छ कुठल्याही टेबलावर कधी नव्हता.

कळशीऐवजी कधी काचेच्या फुलदाणीत करायचं झालं तर जाळी दिसते, तेव्हा गुच्छ हातात बांधावा लागतो. डाव्या हाताची चिमूट सैल धरून काड्या एकावर एक, सगळ्या एकाच दिशेला तिरक्या ठेवत जायचं. मोदकाची पारी जशी फिरवत फिरवत आपण कळ्या पाडतो तसा प्रत्येक काडीनंतर गुच्छ थोडा फिरवायचा. एकही काडी उलट्या दिशेने गेली की पीळ अडकतो आणि देठ मोडतात. बरोबर जमला तर सुतळीने बांधून, खालून देठ एका पातळीत कापून तो टेबलावर ठेवला की आपल्या पायांवर उभा राहतो. याला चार-पाच वेळा हात बसवावा लागतो, रविवारी याच्या मागे लागू नका. लिलियम, म्हणजे लिली, वापरलीत तर उमलल्या-उमलल्या तिचे परागकोश चिमटीने काढून टाका, साडीवर पडलेला तो डाग निघत नाही. घरात मांजर असेल तर लिलियम आणूच नका, मांजरांना ती विषारी असते.

जानेवारीत प्रजासत्ताक दिनाच्या आसपास पुण्याच्या एम्प्रेस गार्डनमध्ये पुष्पप्रदर्शन भरतं, तिथे स्पर्धेच्या रचना मांडलेल्या असतात. तिथे जाऊन वाका आणि फुलांच्या खाली, देठांकडे बघा. अर्ध्या तासात वर्गातल्या चार तासांएवढं शिकाल.

रविवारी रचना झाली की कळशी पंख्याच्या थेट खाली, टीव्हीजवळ किंवा पश्चिमेच्या खिडकीत ठेवू नका. पाहुणे यायच्या आधी पाणी बघा. ताजी फुलं पहिल्या दिवशी किती पाणी पितात याचा अंदाज येत नाही. बरणी संध्याकाळपर्यंत निम्मी झालेली असते आणि काठावरच्या काड्या आधी कोरड्या पडतात. चोचीच्या तांब्याने पाल्याच्या फटीतून भर घाला. सोमवारपासून सकाळ-संध्याकाळ भर घालायची. ब्लीच घातलं असेल तर पाणी दोन दिवसांनी बदला, नसेल तर रोज. बदलण्यासाठी रचना मोडायची गरज नाही: बरणी जाळीसकट, फुलांसकट दोन्ही हातांनी वर काढा, सिंकमध्ये ठेवा आणि नळाचं पाणी हलकेच आत सोडत राहा. जुनं पाणी काठावरून वाहून जातं. मग बरणी कळशीत बसवून साखर-लिंबू-ब्लीचचं पाणी भरा, ब्लीच वापरत नसाल तर साधं.

गुलछडीची खालची तपकिरी झालेली फुलं रोज खुडत जा, वरच्या कळ्या एकेक करून उमलत राहतील. बुधवारच्या सुमारास गुलाब पूर्ण उघडतील. तेव्हा त्यांना काढून देठ बोटभर ठेवून कापा आणि छोट्या पेल्यांत सासूबाईंच्या खोलीत ठेवा. आखूड देठाला पाणी कमी अंतर चढावं लागतं, म्हणून ते आणखी दोन दिवस काढतात. कार्नेशन आणि अॅस्टर पाल्यासकट कळशीत राहू द्या, ती त्यानंतरही टिकतील. सगळं संपल्यावर पाकळ्या आणि पाला कुंडीत टाका, जाळी घासून उन्हात वाळवा आणि कळशीतच ठेवून द्या, म्हणजे पुढच्या वेळी शोधावी लागणार नाही.